फ्लास्कमधला चीक आणि तात्यांचा गूळ

नोकरीच्या चौथ्या दिवशी मी दिघे मॅडमचं सहा आठवड्यांचं संशोधन घासून, विसळून, पालथं घालून वाळत ठेवलं.

माझीही बाजू आहे. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या पूजा सांगणाऱ्यांचं आणि शाळेत शिकवणाऱ्यांचं. आजोबा आणि वडील यांचं फार थोड्या गोष्टींवर एकमत व्हायचं. त्यांतली एक म्हणजे घरात खरकटं भांडं दिसता कामा नये. (एकमत या दोघांचं, घासायची आईनं.) अशा घरातून बी.एस्सी. होऊन मी राहुरीकडच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. तिथं वरच्या फळीवर मला एक काचेचा फ्लास्क दिसला. तोंडाला कापसाचा बोळा, आत गढूळ, आंबूस वासाचं, थुलथुलीत काहीतरी. मला वाटलं, आधीचा सहायक जाताना घाण तशीच सोडून गेला. मी बाह्या सरसावल्या. अर्धा तास लागला, पण फ्लास्क असा लख्ख केला की त्यात माझं तोंड दिसावं.

मॅडम आल्या. आधी फळीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग सिंकजवळच्या पालथ्या फ्लास्ककडं.

"हा कोणी धुतला?"

"मी. आधीच्या माणसानं घाण ठेवली होती, मॅडम."

मॅडम स्टुलावर बसल्या. मग वही उघडली, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "धुताना हाताला कसं लागलं?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. पण त्या खरंच पेन धरून थांबल्या होत्या.

"भेंडी चिरून हात धुतले की लागतं तसं," मी म्हणालो. "पण जास्त. बोट उचललं की तार येत होती. साबण लावला तर साबणच घसरत होता. आणि तळाशी भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गोळ्या होत्या. दाबल्या तरी फुटत नव्हत्या, सटकत होत्या."

त्यांनी सगळं लिहून घेतलं. साबुदाण्याखाली रेघ मारली. "काम गेलं ते गेलं," त्या म्हणाल्या, "निरीक्षण तरी राहू दे. आणि जोशी, यापुढं बोळा लावलेलं काही धुवायचं नाही. वास आला तर अजिबातच नाही."

त्या विषयावर पुढं पंचवीस वर्षांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

आता त्या फ्लास्कमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण चहात टाकतो ती साखर म्हणजे जोडपी आहेत. प्रत्येक जोडप्यात एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. उसाच्या शिळ्या रसात एक जंतू वाढतो, त्याला हे संसार बघवत नाहीत. तो जोडी फोडतो, ग्लुकोजला घेऊन दुसऱ्या ग्लुकोजच्या हातात हात देतो, मग तिसऱ्याच्या, आणि अशी लाखालाखाची रांग लावतो. उरलेल्या फ्रुक्टोजवर स्वतःचं पोट भरतो. या रांगेचं शास्त्रातलं नाव डेक्स्ट्रान. मॅडम तिला नुसतं 'चीक' म्हणायच्या.

अशा रांगांचं मोठं गोत आहे. पिठातला स्टार्च, बाभळीचा डिंक, भिजलेल्या अळिवाचा बुळबुळीतपणा, घोंगडीला देतात ती चिंचोक्याची खळ, सगळी एका घरातली. मजा अशी की मणी तेच असले तरी ओवायची रीत बदलली की वस्तूच बदलते. ग्लुकोजचे मणी एका रीतीनं ओवले की भात होतो, दुसऱ्या रीतीनं ओवले की कापूस, आणि तिसऱ्या रीतीनं ओवले की गुऱ्हाळवाल्याच्या डोक्याला ताप. कोणता मणी कोणाला, कुठल्या बाजूनं जोडलाय, हे शोधण्यात मॅडमचं आयुष्य गेलं. आमच्या भागात सगळं जग साखरेच्या मागं, मॅडम साखर बिघडवणाऱ्याच्या मागं. एका लग्नात त्यांच्या नात्यातल्या बाईंनी विचारलं, तू नक्की कशावर काम करतेस गं? "चिकावर," मॅडम म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "असू दे, सरकारी पगार आहे ना."

प्रयोगशाळेत येणारी माणसंही नमुनेदार. शिर्डीचा एक प्रसादवाला खडीसाखर घेऊन आला होता. खडे नेहमीसारखे चौकोनी नव्हते, लांबुळके, सुईसारखे. विकणाऱ्यानं 'स्पेशल' म्हणून दिली होती, आणि याला तसा कागद हवा होता. मॅडमनी तपासली. रसात चीक असला की साखरेचा खडा सगळ्या बाजूंनी वाढत नाही, एकाच दिशेनं लांबतो. "स्पेशल आहेच," मॅडम म्हणाल्या, "जंतूंनी खास लक्ष घातलंय." तो म्हणाला, "तसंच लिहून द्या." मॅडमनी लिहून दिलं नाही, पण चहा दिला, आणि दोन खडे मागून घेतले. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

मी एम.एस्सी. करावं असं मॅडमनी मला सात-आठ वेळा सांगितलं. मी दर वेळी 'पुढच्या वर्षी' म्हणालो. पुढची वर्षं भरपूर आली. हे लिहिताना ते बोचतं, पण ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय ते वेगळं आहे.

मॅडमच्या निवृत्तीच्या आधीचा तो हिवाळा. सकाळी साडेदहाला दारात एक म्हातारा उभा. धोतर, टोपी, आणि दोन्ही हातांत धरलेला स्टीलचा डबा. देवळाली प्रवरेच्या बाजूच्या एका गुऱ्हाळावरचे गुळवे, कोंडाजी तात्या. गुळव्या म्हणजे काहिलीतल्या उकळत्या रसावर नजर ठेवून, तो नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. दोन मिनिटं आधी उतरवला तर गूळ बसत नाही, दोन मिनिटं उशीर झाला तर जळतो. गुऱ्हाळावर चरक मालकाचा असतो, गूळ गुळव्याचा.

तात्यांनी डबा उघडला. आत गूळ म्हणून जे होतं ते डब्याच्या कडेला ओघळलेलं. त्यांनी बोट बुडवून वर उचललं, तर वीतभर तार आली.

"गूळ बसंना झालाय, म्याडम. आठ दिस झालं. सकाळचं पयलं आदान तर हमखास जातंय." आधण म्हणजे एका वेळी काहिलीत चढवलेला रस. "चाळीस वर्सं हेच काम करतुय. आता मालक म्हन्तो, तात्या, तुमचा हात गेला. रविवारी दुसरा गुळव्या बोलिवलाय त्यानं."

आमच्याकडं 'गुळव्याचा हात गेला' असं एकदा पसरलं की त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. लग्नाकार्यातसुद्धा लोक आडून विचारतात, कसा काय गेला. हे तात्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मला येवडंच सांगा," ते म्हणाले, "माजा हात गेलाय का रस बिघडलाय? हात गेला आसंल तर तसं सांगा, मी घरी बसतो. पर म्हातारा हाय म्हनून खोटं नका सांगू."

मॅडमनी गूळ पाण्यात विरघळवला, गाळला, काचेच्या नळीत घेतला आणि त्यात अल्कोहोल ओतलं. चीक पाण्यात विरघळतो, अल्कोहोलमध्ये त्याचा जीव घुसमटतो आणि तो पांढरा होऊन बाहेर पडतो. नळीत ताक झालं.

"रस बिघडलाय हे नक्की," मॅडम म्हणाल्या. "पण कुठं बिघडला, आणि तुमचा हात कसा आहे, हे डब्यावरून नाही कळायचं. उद्या येतो आम्ही."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीतून आम्ही निघालो. माझ्या मांडीवर नळ्यांची पेटी आणि अल्कोहोलची बाटली. गुऱ्हाळावर बाटली काढली तर चुलाणात चिपाडं सारणारा गडी जवळ येऊन म्हणाला, "सायेब, ते तपासाया माणूस लागला तर आमी बी हाय." मी सोवळ्यातल्या घरचा, आणि सकाळी नऊला हातात बाटली. माझ्या आजोबांनी वरून पाहिलं असेल तर काय वाटलं असेल, हा विचार मी बाजूला ठेवला.

मालक भाऊसाहेब चाळिशीचे, नीटनेटके. त्यांनी हौसेनं सगळं दाखवलं. आधी चरकाचा रस दगडी हौदात पडायचा आणि बादल्यांनी काहिलीत जायचा. या हंगामात त्यांनी उंचावर प्लास्टिकची टाकी बसवली होती. टाकीतून पाइप थेट काहिलीवर, पाइपाच्या टोकाला कॉक, तो फिरवला की रस. टाकी आतून दुधासारखी स्वच्छ.

"मॅडम, तात्यांचा मान हाय मला," ते हळू आवाजात म्हणाले. "पन गिऱ्हाईक मान खात न्हाई, गूळ खातं."

मला वाटलं मॅडम लगेच नमुने घ्यायला लावतील. त्यांनी पदर खोचला आणि एका ओंडक्यावर बसून एक अख्खं आधण नुसतं पाहिलं. रस तापला, मळी वर आली, तात्यांनी रानभेंडीचा चीक ओतला. (हा त्याच गोतातला, पण गुणी. सगळी घाण कवटाळून वर आणतो.) पाक दाटला तसे तात्या पाण्याचं घमेलं घेऊन बसले. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची.

"काय बघता यात?" मॅडमनी विचारलं.

"बघत न्हाई, ऐकतो. गोळी वाजाया पायजे. ही बघा." त्यांनी गोळी मारली. थप्पदिशी चिकटली. "मुकी हाय. आठ दिस मुकीच हाय."

मॅडमनी स्वतः एक गोळी वळून पाहिली, बोट भाजून घेतलं, आणि वही काढून लिहिलं. मोठमोठ्या यंत्रांवर काम केलेली ती बाई तात्यांच्या बोटांकडं अशी बघत होती, जसा मी इतकी वर्षं मॅडमच्या बोटांकडं बघत आलो होतो.

मग आम्ही तीन ठिकाणचा रस घेतला. चरकाच्या तोंडाचा, टाकीतला, आणि पाइपातून काहिलीत पडतो तो. पहिल्या नळीत अल्कोहोल ओतलं, जरासं धुकं आलं. दुसऱ्या नळीत तितकंच. तिसऱ्या नळीत ताक.

"पाइप," मी म्हणालो. मलाही कधीकधी कळतं.

"पाईप रोज धुतो," भाऊसाहेब म्हणाले. "पानी सोडतो भरपूर."

काहिलीच्या वर पाइपाला एक वाकण होतं. ते खोलायला भाऊसाहेब नाखूश, पण खोललं. बाहेरून काही दिसेना. मी दोन बोटं आत घातली. बोटं घसरली. बाहेर काढली तर तार. आत अजून रेटली तर भिजलेल्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, दाबल्या तर सटकणाऱ्या. पंचवीस वर्षांपूर्वी अर्धा तास घासलेला फ्लास्क माझ्या बोटांना जसाच्या तसा आठवत होता.

"मॅडम, हा तोच आहे."

मॅडमनी वही उघडली. "हाताला कसं लागतंय?"

मी सांगितलं. त्यांना लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

आता प्रश्न असा की रोज पाणी सोडलेल्या पाइपात हे आलं कुठून. मॅडमनी तात्यांना समोर बसवलं. "संध्याकाळी काम संपलं की काय काय करता, जसंच्या तसं सांगा."

"काहील धुतो. टाकी धुतो. पाईपात पानी सोडतो. मंग…" तात्या थांबले.

"मग?"

"मंग तांब्याभर रस टाकीत वततो, कॉक बंद करतो. रिकामं ठिऊ न्हाई. माज्या बापाची रीत हाय, हौद त्यानं कदी रिता ठेवला न्हाई. बरकत जाती."

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या घरी तांदळाचा डबा संपत आला की बायको मूठभर तांदूळ तळाशी ठेवूनच नवे भरते. तात्यांचा तांब्याभर रस रात्री टाकीतून उतरून त्या वाकणात जाऊन बसत होता.

"हौदाला चुना लावायचा का?" मॅडमनी विचारलं.

"रोज चुन्याचा हात द्यायचो."

"आणि टाकीला?"

"प्लास्टिकला चुना कशाला?" भाऊसाहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज उतरला. चुन्यापुढं हा जंतू टिकत नाही. बापाची रीत चुन्याच्या हौदात चाळीस वर्षं निर्धोक होती.

मॅडमनी वही मिटली. मला त्यांच्या मनातलं कळत होतं. 'पाइपात घाण साचली' एवढं सांगून त्या उठू शकत होत्या. ते खोटं नव्हतं, आणि तात्या सुटले असते. पण म्हातारा हाय म्हणून खोटं सांगू नका, असं तात्या म्हणाले होते, आणि अर्धं सांगणं मॅडमना कधी जमलं नाही.

"तात्या," त्या म्हणाल्या, "दह्याला विरजण लावतात तसं रोज संध्याकाळी तुम्ही रसाला विरजण लावताय. नकळत. पण तुमच्याच हातानं."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी हातच गेला की माजा."

"ते अजून कळलेलं नाही. पाइप काढा. हौदाला चुन्याचा हात द्या, बादल्यांनी रस न्या, एक आधण चढवा. हात गेलाय की आहे, ते काहील सांगेल. मी सांगून उपयोग नाही."

"आणि न्हाई बसला तर?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तर नाही बसला, असं लिहीन."

मला त्यांचा थोडा राग आला. दोन गोड शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं. ऊसही शिळा असू शकत होता, टाकीत अजून काही दडलेलं असू शकत होतं. पण तात्या उठले होते. त्यांना गोड शब्द नकोच होते, त्यांना काहील हवी होती.

अडीच तास गेले. मळी निघाली, पाक दाटला, बुडबुडे मोठे झाले. चुलाणापाशी सगळे जमले, बाटलीवरून चेष्टा करणारा गडीसुद्धा. तात्यांनी पहिली गोळी मारली. थप्प. दुसरी थप्प. भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी पेटीकडं पाहिलं. तात्यांनी कोणाकडंच पाहिलं नाही. ते थांबले, काहिलीतल्या बुडबुड्यांवर कान लावल्यासारखी मान वाकडी केली, आणि बराच वेळ गेल्यावर तिसरी गोळी वळून मारली.

टण्ण.

"उतरा," तात्या म्हणाले. इतकंच.

गूळ थंड करायच्या पसरट वाफ्यात ओतला आणि आमच्या डोळ्यांदेखत बसला. रंग असा की सोनाराला दाखवावा. भाऊसाहेब बराच वेळ वाफ्याभोवती फिरले. मग म्हणाले, "पाईप मीच बसवला हुता, तात्या. त्या रविवारच्याला येऊ नको म्हनून सांगतो."

"येऊ द्या की," तात्या म्हणाले. "जेवाया."

निघताना मॅडमनी तात्यांना सांगितलं, तांब्याभर रस ठेवायचा तर ठेवा, पण तांब्यातच, आणि सकाळी झाडाला घाला. तात्यांनी जरा विचार केला. "चालंल. रिकामं राह्यलं न्हाई म्हंजी झालं."

त्यांनी तोच स्टीलचा डबा गरम गुळानं भरून दिला. झाकणावर त्यांच्या कारभारणीचं नाव कोरलेलं. आयुष्यभर साखरांची उस्तवार करून मॅडमना शेवटी मधुमेह झाला होता, त्यामुळं डबा माझ्याकडं आला. मॅडमनी गाडीत बसायच्या आधी नखाएवढा खडा मात्र तोंडात टाकला. "निरीक्षण," म्हणाल्या.

काही महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या शेवटच्या शोधनिबंधात आभाराच्या ओळीत दोन नावं आहेत, एक कोंडाजी तात्यांचं आणि एक माझं. फ्लास्क धुण्याबद्दल की ओळखण्याबद्दल, ते लिहिलेलं नाही.

गुऱ्हाळावरून परतलो त्या संध्याकाळी घरी येऊन मी शैलाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सगळं साग्रसंगीत सांगितलं. मॅडमबद्दल सांगितलंच, पण माझ्या दोन बोटांबद्दल जरा जास्त. पंचवीस वर्षांपूर्वीचा स्पर्श बोटांनी ओळखला, हे मी तीनदा सांगितलं. ती गूळ दुसऱ्या डब्यात काढत होती.

"म्हणजे उभ्या जन्मात तुम्ही एकच भांडं मन लावून घासलंत," ती म्हणाली, "तेही नको ते."

मग थोडा वेळ चमच्यानं कडा खरवडत राहिली.

"मॅडम तेव्हा ओरडल्या असत्या, तर तुम्हाला ओरडाच लक्षात राहिला असता. चीक नसता राहिला."

आणि तात्यांचा डबा माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या, हा घासा. उद्या नेऊन द्या त्यांचा. आणि रिकामा देऊ नका, मी लाडू करतेय."